पार्वतीच्या सीडीतली गप्प जागा

तुम्ही जुन्या सीड्या टाकायला निघालात म्हणून सांगते, आमच्या सीडीवर मी इतकी वर्षं उगाच आळ घेतला.

माझी जाऊ पार्वती धवलारीण. लग्नात धवले गायची, घरच्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन आवतण द्यायची. तिचा पोर काशिनाथ होडी घेऊन दर्यात गेला तो परत आलाच न्हाय. तेव्हापासून तिनं मांडवात गाणं सोडलं. फार मागं लागलो तेव्हा अलिबागला जाऊन एक सीडी तेवढी भरली. आता पार्वतीही गेली. सीडीत सासऱ्यांचं नाव येतं, दिरांचं येतं, मग जरा गप्प, की पुढचं नाव. आम्ही म्हणायचो, काशिनाथच्या नावावरच ओरखडा पडला.

यंदा नातीचं लग्न ठरलं. नातसून कॉम्प्युटरवर काम करते. तिला म्हटलं, "बाय, ती जागा नीट कर. पोर बिनआवतणाचा राहतो."

तिनं सीडी घातली. कुठं किती वाचता येत न्हाय, ते यंत्र मोजत गेलं. पडद्यावर लाल रेघा उठल्या.

"आजी, ओरखडे तुमच्या सासऱ्यांच्या नावावर हायेत. तिथं यंत्र अंदाजानं भरून काढतं, म्हणून कळत न्हाय. गप्प जागी एकपण चूक न्हाय."

"मग नाव गेलं कुठं?"

तिनं आवाज वाढवला. पार्वतीचा श्वास ऐकू आला.

"त्यांनी घेतलंच न्हाय, आजी. तुमच्या आवाजात नाव घालू?"

"नको," म्हटलं. "आईनं त्याला मेलेल्यांत बसवला न्हाय. मी कोण बसवणार?"