डब्यावरचं नाव

क्रांती चौकातल्या भांड्यांच्या दुकानात कडूबाई पातेल्यावर नाव घालून घ्यायला थांबली होती. फुलंब्रीची बस जाईल, असं दुकानदाराला दोनदा बजावून झालं, तरी पुढच्या मायलेकींचं उरकेना. लेक उद्या पुण्याला कॉलेजात निघाली होती.

“दादा, ताटावर नुसतं रूपा घाला.”

“नाय दादा, पूर्ण घाला. रूपा सांडू दांडगे.”

“अगं, हीच भांडी पुढं लग्नात कामाला येतील. आडनाव बदलल्यावर काय करशील?”

“बदलणार कोण हाय?”

“लोकांपुढं लई जीभ चालती तुझी.”

“मी शिकायला चालले, आई. रुखवत मांडायला नाय.”

“बाई, काय ते ठरवा. मागं माणसं थांबलीत.”

“घाला ती म्हणती तसं.”

“अन् डब्यावर?”

“डब्यावर चंद्रकला घाला. नुसतं.”

“तुझं नाव? आई, डबा तर मी नेणार!”

“व्हय, म्हणूनच. माझ्या लग्नातल्या एकूण एक भांड्यावर तुझ्या आजोबाचं नाव हाय. दहावीनंतर मला कुणी पुढं धाडलं नाय. आता माझं नाव तरी जाऊ दे कॉलेजात.”

दुकानदारानं मशीन हातात धरून कडूबाईकडं पाहिलं. “मावशी, अजून एक नाव वाढलं. तुमची बस...”

“बस दुसरी येईल. तू तिचं नाव चांगलं ठळक घाल.”