हरभऱ्यातले रोही

औंढ्याच्या स्टँडवर पुनम एसटीची वाट बघत होती, अन् शेजारच्या बाकड्यावर द्वारकाबाई आपल्या नवऱ्यावर, उकंडरावांवर, तापली होती.

"रोही सारा हरभरा खाऊन राहिले, अन् तुमी माझी गोफणच लपवून ठेवता. काहून?"

"अगं, हिंदीत त्याला नीलगाय म्हणतेत. गाईला दगड मारतीस?"

"गाय हाय, तर धार काढा की!"

नववीतल्या पुनमला राहवलं नाही.

"आजी, इंग्रजीत त्याला निळा बैल म्हणतेत."

"आयकलं? बैल हाय! आणा माझी गोफण."

"अन् पोळ्याला पुरणपोळी कोणाला चारतीस गं तू?"

द्वारकाबाई मग हळूच पुनमकडं सरकली.

"पोरी, आणखी एखादी भाषा येते का गं तुला?"