ओठ हलवणारी बाई

दैवशाला : पाट उचल म्हणते ना मी. मांडून काय उपयोग? कोणी यायचं न्हाई आता.

मच्छिंद्र : येतील गं काकू. दुपार तर होऊ दे.

दैवशाला : दुपार टळून राह्यली, मच्छिंद्रा. पुरण वाळून चाललं. वर्षभर शुक्रवार धरले, आज उद्यापन. सवाशीण जेवल्याबिगर माझ्या तोंडात घास जायचा न्हाई, आन् सगळ्या गल्लीत एक सवाशीण मिळंना.

मच्छिंद्र : शेतात गेल्या असतील. सोयाबीनची काढणी चालू हाय.

दैवशाला : चांगुणाबाई कुठं गेली शेतात? ओट्यावर बसून लसूण सोलून राह्यली. तुझे काका बोलवायला गेल्ते, तर म्हणली, "माझा उपास हाय." कशाचा उपास? सकाळी भज्याचा वास इथवर आल्ता तिच्या घरातून.

मच्छिंद्र : थांब, मीच घेऊन येतो तिला.

दैवशाला : तू तर बिलकुल जाऊ नको. तुझ्यापायीच झालं हे. बेबीनंदानं तरी खरं सांगितलं. म्हणली, "ताई, राग मानू नका. पिच्चरमधी तुमच्या हातचं जो जेवला तो सकाळी मेला. लेकरं पदर सोडंनात माझा, तिकडं जाऊ नको म्हणून रडून राह्यले."

मच्छिंद्र : बघ! म्हणजे काय भारी झालाय पिच्चर!

दैवशाला : हसू नको रे.

मच्छिंद्र : अगं, खोटं असतं ते. भोकरदनपासून जालन्यापर्यंत मोबाइलवर बघून राह्यले लोक. लग्नाच्या शूटिंगला गेलो तर नवरदेव विचारतो, ती बाई कुठून आणली म्हणून. ओठ हलले की अंगावर काटा येतो म्हणतात.

दैवशाला : ती बाई मी हाय, मच्छिंद्रा.

मच्छिंद्र : ॲक्टिंग गं काकू.

दैवशाला : मी कधी केली ॲक्टिंग? तूच आलास, म्हणलास, आजीवर पिच्चर काढतो. आजीचं लुगडं नेस, ती वाढायची तसं वाढ, बोलू नको. मला वाटलं, सासूबाईंची आठवण राहील. न्हाऊन, देवाला सांगून उभी राह्यले मी. आन् तू त्यांचं भूत केलंस.

मच्छिंद्र : आजीचंच तर हाय ते. मला ती तशीच आठवते, चुलीपुढं बसलेली. मेल्यावरबी घर सोडायला तयार न्हाई, अशी गोष्ट. प्रेमानंच केली मी.

दैवशाला : प्रेमानं? दारातलं कुत्रंबी उपाशी न धाडणारी बाई ती. तिच्या हातच्या अन्नात इख कालवलंस तू.

मच्छिंद्र : मंग लोक भ्यायचे कशाला? नुसतीच वाढून राह्यली तर कोण बघणार?

दैवशाला : काढून टाक ते.

मच्छिंद्र : माझ्या हातात न्हाई आता. चॅनलवाल्याला देऊन टाकलं. फोन केल्ता त्याला. तो म्हणतो, दुसरा भाग काढ. घर तेच पाहिजे, बाई तीच पाहिजे.

दैवशाला : मंग त्यालाच बोलव जेवायला.

मच्छिंद्र : काकू, असं नको ना. हे बघ, गाईला पान दे आन् सोड उपास. चालतं.

दैवशाला : गाईला दिलं सकाळीच. तिनं मोबाइल न्हाई पाह्यला, जेवली बिचारी.

मच्छिंद्र : अर्पिता हाय की! घरचीच सून. तिला का न्हाई सांगितलं?

दैवशाला : सांगितलं. डोकं दुखतंय म्हणली.

मच्छिंद्र : डोकं? मघाशी तर गाणे म्हणत कपडे वाळू घालत होती. थांब. हॅलो, अर्पिता, काकूकडं ये. जल्दी. काय? अगं, एडिटिंगला तू माझ्या शेजारी बसली होती! तुला तरी कळायला पाहिजे! ते काही न्हाई, ये. आत्ता.

(थोड्या वेळानं अर्पिता येते, पण उंबऱ्याबाहेरच थांबते.)

दैवशाला : आत ये, बाई. उन्हात का उभी?

अर्पिता : काकू, मी बसते जेवायला. खरंच बसते. फक्त एक सांगू? रागावणार नाही ना?

दैवशाला : सांग की.

अर्पिता : वाढताना ओठ हलवू नका. मला माहीत आहे, पिच्चरमधला तो घोगरा आवाज ह्यांनीच काढून वरून घातलाय. माझ्यासमोर घातलाय. तरी तुमचे ओठ हलले की मला तोच ऐकू येतो. काल तुम्ही तुळशीपाशी उभ्या होत्या, तेव्हापण आला.

मच्छिंद्र : अर्पिता! काय बोलून राह्यली तू?

दैवशाला : तिच्यावर कशाला ओरडतो? तिला मी भेवडवलं का तू? पण बाई, ओठ न हलवता कसं वाढू? ज्याला वाढायचं त्याचं नाव घ्यायचं, मंग देवीचं, मंगच पानात घालायचं. सासूबाईंनी लावून दिलेला नेम हाय. नाव न घेता वाढलं तर जनावरापुढं टाकल्यासारखं होतं, म्हणायच्या.

अर्पिता : नाव? तुम्ही नुसतं नाव घेता?

दैवशाला : दुसरं काय येतंय मला? तू लग्न होऊन आलीस तवापासून तुझंबी घेते रोज. हळू घेते. जेवणाऱ्याला कशाला ऐकवायचं?

अर्पिता : आज ऐकवा, काकू. ऐकू येईल असं घ्या. बसते मी.

दैवशाला : बस. थांब, आधी कुंकू लावू दे. पाय नीट घे. हां. अर्पिता. आई जगदंबे. घे, पहिली पोळी. तूप घालू?

अर्पिता : घाला. अजून थोडं.

मच्छिंद्र : काकू.

दैवशाला : आता काय?

मच्छिंद्र : शूटिंगला तर पाटावर कोणीच नव्हतं. जेवणारा माणूस नंतर जोडला मी. तुला रिकाम्या पाटापुढं वाढायला लावल्तं. तरी ओठ हलले तुझे. कोणाचं नाव घेतलंस?

दैवशाला : तुझंच की. सकाळपासून कॅमेरा धरून उपाशी उभा व्हतास.