क्लचची हवा काढताना झालेल्या अपघाताबाबत

जबाब देणार: बोंग मी-रान, वय ५७, धंदा शेती (कोबी), राहणार सोलगोल, गांगवन प्रांत.

मी वर नाव लिहिलेली बाई स्वतःहून ठाण्यात येऊन, कोणी पढवलेले नसताना, सांगते ते असे:

वरील ठिकाणी मी व माझे पती पांग इन-सोक राहत होतो. मुलगी सोलला नोकरीस आहे. आमची जमीन उताराची आहे. कापलेला कोबी वरच्या शेतातून खालच्या रस्त्यापर्यंत आमच्या एक टनी ट्रकने आणावा लागतो, कारण व्यापाऱ्याची मोठी गाडी वर चढत नाही. कापणीची टोळी मेंग ग्यू-चोल यांची. ते मुकादम आहेत, आमच्याच गावचे, माझ्या पतींचे शाळेपासूनचे मित्र. मी त्यांना भावोजी म्हणते.

ट्रकचा क्लच काही दिवसांपासून त्रास देत होता. पेडल मऊ पडले होते. रिव्हर्स टाकताना गिअर करकरायचा, पेडल दोन-तीनदा मारले की मग पडायचा. पती म्हणाले, "प्लेट गेलेली नाही. प्लेट गेली असती तर चढाला गाडीने दम सोडला असता. तेल कुठंतरी जातंय." क्लचच्या तेलाच्या डबीतले तेल खाली गेले होते. कॅबमध्ये पेडलच्या मागे त्यांनी बोट फिरवून पाहिले, कोरडे होते. खाली गिअरबॉक्सवर जो छोटा सिलिंडर असतो त्याचे रबरी टोपण उचलले, तेव्हा त्यातून तेल गळाले. त्यांनी बाजारातून नवी रबरं आणली व कापणीच्या दिवशी सकाळी बसवली. सिलिंडर उघडला की नळीत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय पेडलला जोर येत नाही. त्याला दोन माणसे लागतात, एक पेडलवर, एक गाडीखाली. हे काम आम्ही दोघांनी पूर्वीही केले आहे.

ट्रक वरच्या शेताच्या कडेला, तोंड उताराकडे करून उभा होता. हँडब्रेक कमजोर असल्याने आम्ही उतारावर गाडी रिव्हर्समध्ये घालून पुढच्या चाकाला दगड लावतो. तसेच केले होते. इन-सोक डाव्या बाजूने, पुढच्या चाकाच्या मागून गाडीखाली गेले. मी कॅबमध्ये बसले.

ते खालून "दाब" म्हणत, मी दाबत असे. "धर" म्हटले की धरून ठेवायचे. मग ते सिलिंडरवरचा हवा काढायचा निपल सैल करत, तेल व हवा बाहेर येई आणि पेडल आपोआप तळाला जाई. निपल आवळला की "सोड". मध्ये ते म्हणाले, "कुणावर राग काढतेयस एवढा? हळू दाब, फेस होतोय." मी म्हणाले, "तुमच्यावरच." ते हसले. तेल अजून फेसाळच येत होते.

टोळीने कापलेला कोबी उन्हात पडला होता. खाली व्यापाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भावोजी वर आले व माझ्या बाजूच्या उघड्या दारात उभे राहिले.

"वहिनी, झालं का? पानं मऊ पडायला लागली. सोलच्या लिलावात हा माल कोण हातात धरेल?"

मी म्हणाले, "हवा आहे अजून."

"शाळेत सायकलींची हवा काढायला याला एवढा वेळ नाही लागायचा."

पती खालून म्हणाले, "तुझ्याच सायकलची काढायचो. धर गं."

मी धरले. निपल सुटला, पेडल तळाला गेले. भावोजी म्हणाले, "गेलं की पूर्ण खाली. चालू करून बघू, कळेल लगेच." मी म्हणाले, "थांबा, त्यांनी सांगितलं नाही." तोवर त्यांचा हात माझ्यासमोरून आत आला होता. किल्ली त्यांनी फिरवली.

पेडल दाबलेले असताना गाडी हलली कशी, असे मला विचारण्यात आले. निपल उघडा असला की तेलाचा दाब बाहेर जातो. पेडल खाली असते, पण क्लच सुटलेला नसतो. पेडल खाली असले की या गाडीचा सेल्फ मात्र लागतो. गाडी गिअरमध्ये होती. ती हिसका देऊन मागे सरकली व बंद पडली. पुढचे चाक इन-सोक यांच्या छातीवर चढून थांबले.

मी पेडलवरून पाय काढला नाही. काढावा की नको ते कळत नव्हते. भावोजी म्हणाले, गाडी पुढे घेऊ. मी किल्ली काढून मुठीत धरली. टोळीतल्या माणसांनी जॅक लावला, बाकीच्यांनी खांदे लावले व त्यांना बाहेर ओढले. ते शुद्धीवर होते.

रुग्णालयात ते मला म्हणाले, "पोलीस विचारतील. खालून मीच 'चालू कर' म्हटलं, असं सांग. ग्यू-चोलला याच गावात राहायचंय."

मी म्हणाले, "आणि मला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वारले.

खालून "चालू कर" असा शब्द आला नाही. मी किल्ली फिरवली नाही. किल्ली कोणी फिरवली ते आठवत नाही, असे भावोजींनी त्यांच्या जबाबात म्हटल्याचे मला आज समजले. त्यांनी मुद्दाम केले असे माझे म्हणणे नाही. पेडल खाली दिसले की गाडी हलणार नाही, असेच गाडी चालवणारा कोणीही धरून चालतो. परंतु आठवत नाही, हे खरे नाही.

माझी तक्रार आहे काय, असे विचारण्यात आले. अंत्यविधी झाल्यापासून भावोजी रोज सकाळी एकटे माझ्या शेतात येतात, उरलेला कोबी कापतात व पाठीवरून खाली नेतात. मी त्यांना जा म्हटलेले नाही, पाणीही विचारलेले नाही. तक्रारीचे मला ठरवता येत नाही. घडले ते लिहून घ्यावे.

लिहिलेला मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. फक्त दोन ठिकाणी, गाडीखाली गेले तिथे व चाक चढले तिथे, "मयत" असे लिहिले होते. तेव्हा ते जिवंत होते. म्हणून तो शब्द खोडून त्यांचे नाव घालायला लावले आहे व खाडाखोडीवर माझी सही केली आहे.

बोंग मी-रान