एकही गुण न गमावता

मी भारताकडून टेनिस खेळलोय म्हटलं की तुम्ही हसता. बरं, खेळलो नाही, पण निवड झाली होती, हे तर खरं!

इथे आखातात, अल वक्रात, आमच्या कंपाउंडने, म्हणजे आम्ही राहतो त्या कॉलनीने, देशादेशांची पहिली टेनिस स्पर्धा ठेवली. प्रत्येक देशाचे दोन खेळाडू आणि एक न खेळणारा कॅप्टन. बाकी कोणी पुढे यायच्या आत भारताची जबाबदारी आमच्या मराठी मंडळाने घेतली. खेळायला मी आणि नाशिकचा पाटील, एवढेच तयार. न खेळणारे कॅप्टन व्हायला मात्र नऊ जण निघाले. कोणी रुसायला नको म्हणून नऊही जणांना नेमलं.

पहिला सामना श्रीलंकेशी. जाऊन बघतो तर कोर्टाच्या मधोमध टेबल, त्यावर समई. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने समई विझली, म्हणून परत झालं. मग नऊ कॅप्टनांचा सत्कार, प्रत्येकाचे दोन शब्द. इजिप्तचा पंच घड्याळ दाखवत "यल्ला, यल्ला" करत होता. अध्यक्ष देवधरकाकांनी त्यालाही शाल पांघरली आणि हातात नारळ दिला.

सातव्या कॅप्टनच्या भाषणात पंचाने नारळ खाली ठेवला. "खलास! टाइम ओव्हर. श्रीलंका विनर."

मी भडकलो. "काका, तीन महिने पहाटे उठून सराव केलाय हो मी!"

"चिडू नकोस," काका म्हणाले, "आधी आभारप्रदर्शन होऊ दे."

मंडळाच्या अहवालात छापलंय, 'भारतीय संघ एकही गुण न गमावता स्पर्धेबाहेर.' वर नऊ कॅप्टनांचा फोटो आहे. तो मी काढलाय.