खाणीचं पाणी

माझं म्हायेर उंब्रजच्या बाजूचं, नदीकाठचं. पाणी चाखून बघून प्यायचं असतं हे मला ठावंच नव्हतं. लगीन होऊन जतकडं आले. आमचे मालक दगड फोडायचे, लढाईच्या वक्ताला सडकंच्या खडीसाठी गावाबाहेर खाण पाडलेली, लय खोल. मग काम बंद पडलं, माणसं गेली, खाण पावसानं भरली, आन् हिरी आटल्या तसं सगळं गाव त्या खाणीवर आलं.

काय सांगू तुम्हाला, त्या पाण्याची चव म्हयन्या-म्हयन्याला निराळी. श्रावणात ग्वाड, दिवाळीपातूर निवळ. मग थंडी पडली की एखाद्या सकाळी तळाचं काळं पाणी वर यायचं, नासक्या अंड्यावानी वास, मासे उताणे. सासूबाई म्हणायच्या, चार दिस हात लावू नका, निवळंल. निवळायचं बी. पर संक्रांतीपासनं मचूळ, शिमग्याला कडू, डाळ शिजायची न्हाई, काठाला पांढरं मीठ फुटायचं. शेजारीण कानडी, ती म्हणायची उप्पू नीरू, म्हंजी खारं पाणी, आन् तेच पोरांस्नी पाजायची. मी बी पाजायची. दुसरं आणू कुठनं?

माझी हौसा, एकुलती लेक, तवा नुकती दुडूदुडू चालाय लागलेली. त्या साली पाऊस कमी, खाण निम्मीच भरलेली, म्हणून चैतात पाणी पार ईख झालं. हौसाला हगवण लागली ती थांबंना. मी म्हटलं, आवं, हिला माझ्या म्हायेरी नदीवर नेऊ. ते म्हणाले, व्हय, गाडी बघतो. गाडी मिळाली, बैलं जुपली, आन् वेशीपाशीच पोरगी माझ्या मांडीवर गार पडली. शेवटाला पाणी मागत व्हती. तांब्यात तेच पाणी, तेच पाजलं.

दुसऱ्या दिशी मालकांनी बाभळीच्या फांद्या तोडून खाणीची वाट बुजवली आन् आडवे बसले, कुणाला उतरू दिनात. बाया घागरी घेऊन उभ्या. ऊन चढलं तशी ती कानडी शेजारीण म्हणाली, अण्णा, माझी बी दोन हायती घरात, सकाळधरनं कोरडी. मालकांनी तिच्याकडं बघितलं, मग उठून आपल्याच हातानं फांद्या वडल्या. सगळ्यांच्या मागनं मी बी घागर भरली.

हौसाच्या पाठीवर मूल झालं न्हाई. मालक गेले, सासूबाई गेल्या. आता टँकर येतो, आला तर येतो. तुमच्या लेकरास्नी औक्ष मिळू दे बाबा. माझ्यासाठी मी देवाला काय मागत न्हाई, मागायचं व्हतं तवा लय मागितलं.