जानेवारीतली लाल मुनिया

नाय, किल्ली नाय मिळणार, मेहुलसाहेब, बसा खाली — ओच्यात खोचलीय मी, गाडी कुठं पळून जात नाय — फोटो दाखवायला आलात ना, मंग दाखवा की, धरा असा उजेडाकडं. वा! जाम मोठा केलात हो, काच पण लावली, नि खाली काय लिवलंय — ‘जानेवारीतली लाल मुनिया’ — पहिला नंबर! एका गवताच्या काडीवर पाच पाखरं, लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, मागं धुकं. ही माझी मूठ? असू दे मिटलेली, तुमी फोटो बगा. जानेवारीत मुनियाचा नर लाल असतो काय? नसतो. पावसात असतो लाल, थंडीत तो पण मादीसारखा मातकट होतो, पाड्यातलं पोर पण सांगेल — पण तुमाला लालच पाहिजे, थंडीतच पाहिजे, धुक्यातच पाहिजे. मंग माझ्या नवऱ्यानं, देवूनं, जाळ्यात धरली, मी रंगवली. तुमीच बोललात ना, जमना, तू भिंतीवर चित्रं काढतेस, तुझा हात बसलाय, तूच रंगव — नि तुमच्याच रंगाच्या कंपनीतली पावडर आणून दिलीत, पिशवीवरचं नाव खरवडून. तवा कळलं नाय मला, नाव कशाला खरवडलं ते.

बोट ठेवून सांगते बगा. हे पहिलं — याला मी डिंकात कालवून रंग दिला, कुडावर पांढरा टिकावा म्हणून घालतो तसा डिंक. तिथं चुकलं. थंडीत पाखरू पिसं फुगवतं, गोळा होऊन बसतं, तवा कुठं जगतं. पिसं चिकटल्यावर फुगवणार काय? फोटो काढलात त्याच रात्री गारठून मेलं. हे शेवटचं पण तसंच. मंग रविवारसाठी नवी पाखरं धरली, तवा तुमी बोललात, सुकीच पावडर चोळ. फोटोतलं हे मधलं — किती छान पंख उघडलाय नाय? पायाला दोरा हाय त्याच्या, काडीमागं बांधलाय, म्हणून दिसत नाय. उडायला गेलं नि तंगडी उपटली, नि तुमी ओरडलात, मस्त, मस्त, असंच! माझ्या कुडावर पण पाखरं हायत बगा तिथं, दोन त्रिकोण नि एक चोच, थवाच्या थवा — कुणाची तंगडी नाय मोडावी लागली मला. टोपलीखाली? नव्यातलं एकच उरलंय. चोळून चोळून कातडी उघडी पडलीय त्याची, दाणा खात नाय, नुसतं थरथरतं — थांबा. झालं. एका हातानं पण मोडते मान. तोंड कशाला फिरवता? रविवारी दहा कॅमेरेवाले आणणार ना, त्यांना हे दाखवा — घ्या, धरा — धर म्हणते ना! हातात धर. गरम हाय अजून.

देवूचं इचारलं नाय तू. आल्यापासून रविवार, रविवार. माझा नवरा आत पडलाय, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, नि तू मला पाखरं मागतोस! त्यानं धरलं होतं, मी चोळत होते, पाखरू फडफडलं नि वाटी उलटली त्याच्या तोंडावर. तुला फोन केला — काय बोललास? चुना गेला सांग, पावडरीचं नाव काढू नको, पाखरं धरली म्हणून देवूलाच आत टाकतील. भ्यालो आमी. चुनाच सांगितला. डॉक्टरनं बिचाऱ्यानं चुन्याचं औषध केलं — डावा डोळा गेला. गेला! आता उजवा पण धुरकटतोय. मंग मी खरं ओकले, वाटी नेऊन दाखवली, तर डॉक्टर बोलला, बाई, लाल पावडरी शंभर असतात, यात काय हाय ते दोन-तीन दिवसांत कळलं तर उजवा वाचवायला बगतो. तुला फोन, परत फोन, परत फोन. उचलला नाय. एडवणला समुद्रावर बगळे टिपत होतास ना?

पाकीट ठेव आत. पावडरीचं नाव सांगितलंस तर नोकरी जाईल तुझी? जाऊ दे. रडून झालं माझं, आता मला मारायचंय. दाराकडं बगू नको, माझा भाऊ मारुती उभा हाय बाहेर, कोयता हाय त्याच्याकडं. हां, आता बग मूठ. तीच पावडर. फार नाय लागत, चिमूटभर — आमच्या कोंबड्याला तर — काय नाय. काय नाय बोलले. बरं, टाकली! काल टाकली कोंबड्याच्या डोळ्यात! कळायला नको, तू आलास तर किती लागेल? सकाळपर्यंत कुडावर डोकं आपटत होता, मंग त्याची पण मान मोडली मी. तू फोटो काढताना एक डोळा मिटतोस नि एक लावतोस. कुठला पाहिजे तुला? सांग. मी दुसऱ्यात टाकते.

काय? मोठ्यानं बोल. परत बोल. देवू, ऐकलंस काय, हाय त्या पावडरीला नाव! इंग्रजी हाय, माझ्या तोंडात नाय बसत — डॉक्टरला तूच सांगशील, समोर उभा राहून, कंपनीचं नि तुझं नाव घेऊन. ऊठ. देवूचा हात धर, हळू, उंबरा हाय. मारुती, बाजूला हो. ही घे किल्ली. देवूला पुढं बसव, मी तुझ्या पाठीमागं बसते. मूठ? नाय सोडणार. तळहात माझा पण जळतोय, जळू दे — डॉक्टर बोलेल नाव बरोबर हाय, तवा सोडीन. पाखरू ठेव खिशात, तुझंच हाय. आता एक शब्द नाय. गाडी काढ.